'डर्टी बॉम्ब'ला मराठीत काय म्हणावं?

शंकासुर: एका बातमीत 'डर्टी बॉम्ब'ला 'घाणेरडा अणुबॉम्ब' म्हटलेलं वाचलं. हसू आलं, पण नेमका शब्द काही सुचेना. 'किरणोत्सारी अस्त्र' चालेल? आणि शेवटी हे अण्वस्त्रच ना?

निवृत्त मास्तर: नाही हो. अण्वस्त्रात स्फोटच मुळी अणुकेंद्राच्या विखंडनातून (फुटण्यातून) किंवा संमीलनातून (जुळण्यातून) होतो. इथे स्फोट नेहमीच्या दारूगोळ्याचा, त्यातून सीझियम-कोबाल्टसारखा किरणोत्सारी पदार्थ उधळायचा. हिरोशिमा डोळ्यांसमोर आणू नका. माणसं दगावलीच तर बहुधा स्फोटानेच. खरा उपद्रव पुढचा: वस्ती उठवा, माती खरवडून काढा, आणि घबराट निराळीच. 'किरणोत्सारी अस्त्र' बरोबर आहे, पण त्याची व्याप्ती मोठी. १९९५ साली चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझ्माइलोवो उद्यानात सीझियम-१३७ पुरलं आणि टीव्हीवाल्यांना कळवलं. स्फोट नाही, तरी धाक बसलाच.

बेलापूरकर: 'किरणोत्सर्गाची लागण' हाही प्रयोग सर्रास दिसतो. किरण लागणं वेगळं, धूळ अंगाला लागणं वेगळं. एक्स-रे काढून आलेला माणूस कुणाला बाधत नाही. सीझियमची भुकटी कपड्यांवर असेल तर मात्र ती घरभर होते.
ब्राझीलमधलं गोयानिया, १९८७. ओस पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरवरच्या उपचाराचं यंत्र दोघांनी उचकटून भंगारात विकलं. आतली भुकटी अंधारात निळी चमकायची, म्हणून भंगारवाल्याने ती नातलगांत कौतुकाने वाटली. घरातली माणसं आजारी पडू लागल्यावर त्याच्या बायकोला संशय आला आणि तिने ते धूड पिशवीत घालून बसने आरोग्य कार्यालयात नेलं. चौघे गेले, त्यात तीही आणि सहा वर्षांची एक मुलगी. एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. हे सगळं कुणाचा घातपाताचा इरादा नसताना!

शंकासुर: म्हणजे धोका क्षेपणास्त्रांच्या तळावर नाही, भंगारात?

बेलापूरकर: भंगारात, आणि इस्पितळात, कारखान्यातही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत तेच झालं. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणात कोबाल्ट-६० होतं. भंगार बाजारात ते फोडलं गेलं आणि एक कामगार दगावला. अशा हिशेबाबाहेर गेलेल्या किरणोत्सारी स्रोतांना मी 'बेवारस स्रोत' म्हणतो. रेल्वे स्थानकावरच्या घोषणांमुळे 'बेवारस वस्तू' म्हटलं की हात आपोआप आखडतो.

निवृत्त मास्तर: 'बेवारस' झकास! मुळात बेवारस होऊ न देणं हाच बंदोबस्त. आपल्याकडे परवाना देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ, बेलापूरकर, तुमच्या शेजारीच, मुंबईत अणुशक्तीनगरला. वापर संपला की स्रोत पुरवठादाराकडे परत जायला हवा. रक्तावर किरण सोडणाऱ्या सीझियमच्या यंत्रांऐवजी एक्स-रेची यंत्रं (त्यांत किरणोत्सारी पदार्थच नसतो) आणण्याचा प्रयत्न काही देशांत चालू आहे. चोरायला काही ठेवायचंच नाही, हे मला सगळ्यांत पटतं. करारांचं म्हणाल तर किरणोत्सारी अस्त्रांवरील बंदीचा मसुदा अमेरिका-सोव्हिएत संघाने १९७९ सालीच मांडला होता, तो तडीस गेला नाही. २००५ मध्ये आण्विक दहशतवादाविरुद्धचा करार झाला, त्यात असे पदार्थही येतात.

शंकासुर: आणि किरणोत्साराच्या धोक्याचं, तीन पाती असलेलं ते पिवळं चिन्ह?

बेलापूरकर: ते पंख्याचं वाटतं लोकांना! म्हणून २००७ मध्ये जादा चिन्ह आलं: लाल त्रिकोण, त्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या आतल्या भागावर लावतात, म्हणजे उघडायला बसलेल्यालाच दिसावं. वाचता येत नसलं तरी चालतं.