कलरमधला यू, सहा मे आणि साताऱ्याची स्टेपनी

भाचीनं सहामाहीच्या पेपरात 'कलर' यू न घालता लिहिलं, बाईंनी अर्धा मार्क कापला. ती म्हणते मोबाईलवर तर असंच येतंय की मामा! आता वेबस्टरनं तिकडं अमेरिकेत १८२८ च्या डिक्शनरीत तो यू गाळला, त्याचा दंड सांगलीत आठवीतल्या पोरीनं भरायचा. तर मंडळी, ब्रिटिश-अमेरिकन घोळात तुमची कुठं फजिती झाली ते लिहा, लाजू नका.

---

मी हळदीच्या पेढीवर कारकून. अमेरिकेच्या पार्टीचा मेल आला, राजापुरीचं सॅम्पल ०५/०६ पर्यंत पोचायला पाहिजे. आम्ही पाच जून धरून निवांत. दहा मेला फोन, सॅम्पल कुठाय? त्यांच्यात महिना आधी आणि तारीख मागनं, म्हणजे सहा मे. शेठनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट ओढून माझ्या टेबलावर आपटलं, आता त्यात काय बघायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेव्हापासनं महिना अक्षरात लिहितो.

---

आमचा क्लायंट शिकागोचा. मीटिंगमध्ये म्हणला हा मुद्दा टेबल करूया. आपल्याकडं विधानसभेत कागद पटलावर ठेवला म्हणजे मांडलाच ना, ब्रिटिश अर्थ पण तोच, म्हणून रात्री दोनपर्यंत जागून स्लाईडी केल्या आणि सकाळी कळलं की त्यांच्यात टेबल करणं म्हणजे तूर्त बासनात गुंडाळणं. डोकं फिरलं.

---

न्यू जर्सीत लेकाकडं गेलते तेव्हा 'फर्स्ट फ्लोअर'चा डॉक्टर शोधत गुडघे धरून जिना चढले. दवाखाना खालीच.

---

माझं साताऱ्यात हायवेला गॅरेज. कासला निघालेलं इंग्लंडचं जोडपं पंक्चर गाडी घेऊन आलं. मी म्हणलं डिकी खोला, स्टेपनी काढू. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. डिकीला ते बूट म्हणतात (अमेरिकेत ट्रंक), ते एक ठीक, पण स्टेपनी? शेवटी टायरवर लाथ मारून दाखवलं. नंतर पोरानं शोधलं तर वेल्समध्ये लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता, शंभर-सव्वाशे वर्षांमागं तिथं जादा चाकं बनायची, त्यावरनं हे नाव. म्हणजे शब्द त्यांच्याकडचाच, विसरले ते!

---

दादा, गॅरेज नक्की कुठं, बॉम्बे रेस्टॉरंट चौकाच्या अलीकडं का पलीकडं? माझी स्टेपनी दोन महिने पंक्चर पडलीय.