जुनी गाडी चालता चालता बंद पडते? आपापले अनुभव इथे लिहा

फोंडा (धागा मी काढलाय)

नमस्कार मंडळी. जून लागला की आमच्या भागात जुन्या गाड्या बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या दिसायला लागतात आणि दर वेळी तेच ऐकायला मिळतं, प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर साफ केला, पैसे गेले आणि गाडी बंद पडायची ती पडतेच. बघून खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये अजून भरपूर जीव आहे. मारुती ८०० घ्या, १९८३ च्या डिसेंबरात आली, २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत होती, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, साधं सरळ इंजिन, माणसाला उघडून समजून घेता येतं. तर जुनी पेट्रोल गाडी असलेल्यांनी लिहा: कधी बंद पडायची, थंड असताना की तापल्यावर, चढावर की उभी असताना, धक्के खात की एका झटक्यात, आणि शेवटी निघालं काय. कुठला पार्ट बदलला यापेक्षा दोष सापडला कसा ते लिहिलंत तर पुढच्याचे पैसे वाचतील.

सुरुवात मीच करतो. बाबांची कार्ब्युरेटरवाली ८००. पणजीला निघालं की बाणस्तारीपर्यंत मस्त, पुढे ओढ कमी कमी होत धक्के खात बंद. थोडा वेळ थांबलं की आपोआप सुरू. पेट्रोल पंप नवीन, फिल्टर नवीन, तरी तेच. मग एकदा बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर आत हवा ओढल्याचा सुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली. झाकणात हवा आत घ्यायला बारीक व्हॉल्व्ह असतो तो धुळीने बुजला होता, त्यामुळे पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. झाकण बदललं, विषय संपला. फुकटची टेस्ट आहे, आधी हीच करा.

डिचोली

आमची पण ८००च, पण त्रास फक्त पावसातला. गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, म्हणजे चार महिने त्रासच म्हणा ना. रात्रभर पडून गेला की सकाळी मिसिंग, एक सिलिंडर गप्प, रेस सोडली की बंद, आणि दुपारी ऊन पडलं की गाडी ठणठणीत. गॅरेजला न्यायचो दुपारी, तेव्हा ती चांगलीच चालायची, मग दोष कोणाला दिसणार. शेवटी आमच्या शेजारचे काका, खाणीवरच्या ट्रकांची इलेक्ट्रिकल कामं करण्यात आयुष्य गेलेलं, ते म्हणाले अंधार पडल्यावर गाडी घेऊन ये. अंगणातला दिवा बंद केला, इंजिन चालू ठेवलं, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना तिने एचटी वायरींवर (प्लगला करंट नेणाऱ्या जाड वायरी) लांबून थोडा फवारा मारला, तर एका वायरीवरून इंजिनच्या लोखंडावर निळी ठिणगी टक टक उडी मारताना चक्क डोळ्यांनी दिसली. मग इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटतो तो) कॅप काढली. आतल्या दोन खुंट्यांच्या मधे पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. काका म्हणाले ही करंटने स्वतः पाडलेली वाट, कितीही पुसलीस तरी जाणार नाही, ओल आली की ठिणगी प्लगकडे न जाता इथून पळते. कॅप, रोटर, वायरी सगळा सेट एकदम बदलला, त्यानंतरची चवथ आम्ही भर पावसात गावी जाऊन आलो, एकदाही थांबावं लागलं नाही. फक्त चालू इंजिनच्या वायरींना हात लावू नका, हजारो व्होल्ट असतात.

म्हापसा

आमचं मूळ घर हणजूणला, किनाऱ्याजवळ, गाडी कायम खाऱ्या हवेत. स्पीडब्रेकरवरून उतरली की बंद, आणि क्षणभर डॅशबोर्डचे दिवेही जायचे. दिवेही जातायत म्हणजे पेट्रोलच्या मागे लागायचंच नाही, सरळ बॅटरीकडे बघायचं. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी वरून अगदी बरी दिसत होती, नट सोडला तर खाली सगळी हिरवी भुकटी. पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवली, वर पेट्रोलियम जेली लावली. किनाऱ्याकडच्यांनी पावसाळ्याआधी हे करूनच टाकावं.

मडगाव

माझी एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, कंप्युटर पेट्रोल फवारतो ती) हॅचबॅक आहे, बारीक धावपळीला हीच. हिचा त्रास वेगळा, पळताना काही नाही, सिग्नलला थांबले, एसी चालू असला की आरपीएम खाली खाली जात बंद, आणि मागच्याने हॉर्न सुरू करायचा तो वेगळाच. एका ठिकाणी मला सरळ ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) गेलाय म्हणून सांगितलं, आकडा ऐकून मी गाडी घेऊन परत आले. भावाच्या ओळखीचा एक तरुण मेकॅनिक घरी आला, त्याने एअर फिल्टरचा पाइप काढून मला आत टॉर्च मारून दाखवलं, थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करतो तो) पडद्याच्या कडेला काळा चिकट थर, आणि बाजूला आयडल व्हॉल्व्हची बारीक वाट असते ती जवळजवळ बुजलेली. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की इंजिनवर भार येतो, तेव्हा जास्तीची हवा याच वाटेने मिळायला हवी, ती मिळत नव्हती. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि जुना टूथब्रश, एवढ्यात झालं. मग त्याने व्हॅक्यूमचे रबरी पाइप एकेक वाकवून बघितले, एकाला चीर होती, तोही बदलला. बायकांना गाडीतलं कळत नाही असं धरून जे मोठा खर्च सांगतात त्यांना मी आता एवढंच विचारते, थ्रॉटल उघडून बघितलात का?

पेडणे

मी जुना प्रीमियर पद्मिनी गाडीवाला. १०८९ सीसी. मे महिन्यात उन्हात चढ चढून आलं की बंद. ही व्हेपर लॉकची गोष्ट, पाइपातलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि एसी पंप (इंजिनवरचा पेट्रोल पंप हो, थंड हवेचा एसी नव्हे) नुसती वाफच ओढत बसतो. पंपावर ओला फडका टाकायचा, जरा दम धरायचा, निघायचं. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळीपासून लांब घेणे. टाकीतच पंप असलेल्या गाड्यांना हा त्रास सहसा होत नाही, तेव्हा पोरांनो तुम्ही फडके टाकत बसू नका.

वाळपई

फोंड्याच्या दादांनी झटक्यात की धक्के खात हे विचारलं ते फार बरं केलं, माझा सगळा उलगडा त्यातूनच झाला. बेळगावला जायचं म्हणजे चोर्ला घाट, आणि गाडी घाटात तापली की चावी काढल्यासारखी बंद, एकही धक्का नाही. अर्धा तास थांबलो की सुरू. ‘चेक इंजिन’चा दिवा नाही, गॅरेजच्या स्कॅनरवर कोड नाही. एकदा उतारावर गिअरमध्येच बंद झाली, चाकांमुळे इंजिन फिरत होतं तरी आरपीएमचा काटा एकदम शून्यावर. तिथे ट्यूब पेटली. इंजिन फिरतंय आणि काटा शून्य, म्हणजे फिरतंय ही खबरच कंप्युटरला मिळत नाहीये, आणि ती देतो क्रँक सेन्सर. ती खबर नसली की कंप्युटर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. घरी सेन्सर काढून मल्टिमीटर लावला, थंड असताना ओहम नीट दाखवत होता, हेअर ड्रायरने तापवत गेलो तसा आकडा हलायला लागला आणि मग गायबच झाला. आतली तार तापून फुगली की तुटायची, थंड झाली की परत जुळायची. नवीन सेन्सर घातला, त्यानंतर घाटात बंद नाही. ज्यांची गाडी तापून बंद पडते त्यांनी तशा वेळी मेकॅनिकला तिथेच बोलवा, थंड गाडीत दोष सापडत नाही.

आणि एक कळकळीने सांगतो. घाटात इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच उरतो. पेडल पंप करू नका, एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्या, चावी पूर्ण फिरवून स्टिअरिंग लॉक करू नका.

वास्को

आमच्याकडे पेट्रोलमध्ये पाणी निघालं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल ओल धरतं, त्यात आमची गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी. फिल्टरच्या आधीचा पाइप सोडून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं आणि ठेवून दिलं, सकाळी तळाशी वेगळा थर, हलवला की बाटलीत गोळा होऊन सरकणारा. टाकी उतरवून साफ केली, जुने रबरी पाइप मऊ पडले होते तेही बदलले. हे काम उघड्यावर करा, जवळ ठिणगी नको, सिगारेट तर नकोच.

काणकोण

सगळं वाचलं, फार उपयोगी. माझी जुनी सेडान करमळ घाटाच्या चढावर धक्के खात मरते, सपाटीला काहीच नाही, टाकीचं झाकण उघडून बघितलं, फरक नाही. दिवे जात नाहीत. काय बघू?

फोंडा

दादा, चढावर इंजिनला पेट्रोल जास्त लागतं आणि तुमच्याकडे ते पुरत नाहीये, असं वाटतं. आधी फिल्टर, मग टाकीतल्या पंपाच्या तोंडाची जाळी, मग गेज लावून पंपाचं प्रेशर, याच क्रमाने जा. नवीन पंप आधीच विकत घेऊ नका. जुना फिल्टर टाकून न देता उलटा करून पांढऱ्या कपड्यावर ओता, गंज आला तर टाकी आतून गेली समजा आणि मग नुसता फिल्टर बदलून भागणार नाही.

काणकोण

बरं. रविवारी फिल्टर काढतो, कपड्यावर काय पडलं त्याचा फोटो इथेच टाकतो.