मदत हवी आहे: टाळेबंदीत फिरलेले लष्करी ट्रकचे छायाचित्र नेमके कधीचे?

आमच्या वाचनालयासाठी मी २०२०च्या टाळेबंदीतील अफवांचे टिपण तयार करत आहे. एप्रिलच्या मध्यास आणीबाणी लागून लष्कराला पाचारण करणार, हा संदेश धादांत खोटा असल्याचे लष्कराने ३० मार्च २०२० रोजीच स्पष्ट केले होते; तो खुलासा मला मिळाला आहे. अडचण आहे ती त्यासोबत कोल्हापुरात फिरलेल्या छायाचित्राची. त्यात ट्रकची चाके अर्धी पाण्यात आहेत, म्हणजे ते ऑगस्ट २०१९च्या महापुरातील मदतकार्याचे असावे (भेदरलेल्या माणसांना ते पाणी दिसलेच नाही, याचे फार वाईट वाटते). गूगलवर छायाचित्र टाकून शोधले, परंतु मूळ सापडले नाही. माझ्याकडे केवळ अंधुक स्क्रीनशॉट आहे. महापुराच्या काळातील स्थानिक दैनिकांचे छापील अंक कोल्हापुरात कोठे चाळायला मिळतील?