अनुभव धागा: चौकटीबाहेर ढकललेले

धागाकर्ती
फोनमधली जागा संपली म्हणून काल जुनी छायाचित्रे पुसायला बसले, तेव्हा मुलगी तान्ही असतानाच्या एकाच क्षणाची २३ छायाचित्रे सापडली. त्यांतले एकच मी इन्स्टाग्रामवर टाकले होते. त्यात खिडकीतले ऊन, स्वच्छ चादर आणि हसणारी मुलगी आहे. चौदाव्यात मात्र ती रडते आहे आणि कडेला न धुतलेल्या कपड्यांचा ढीग बाहेर सारणारे माझे पाऊल दिसते आहे. त्या आठवड्यात मी सलग दोन तासही झोपले नव्हते आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून रडत असे. छायाचित्राखाली ‘किती छान सांभाळतेस सगळं’ असे बऱ्याच जणींनी लिहिले आणि मी प्रत्येकीचे आभार मानले. त्यानंतर मदत कोणत्या तोंडाने मागायची, हे मला कळेना. तुमच्या वाट्याला असे काही आले असेल, तर अवश्य लिहा.

निळी शाई
छायाचित्रे सुधारून देणे हा माझा व्यवसाय आहे. हल्ली मुले स्वतःचेच फिल्टर लावलेले छायाचित्र दाखवून ‘मला असे करा’ म्हणतात, तेव्हा वाईट वाटते. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून दिसते त्यापेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात गणिताने दाखवले आहे. हे मी प्रत्येकाला समजावतो, कारण जो दोष अंतराचा आहे, तो ही मुले आपल्या चेहऱ्याचा मानून बसतात.
पण मीही चुकलो आहे. एका गृहस्थांच्या भुवईवरचा व्रण मी न विचारता पुसला होता. ते गेल्यावर त्यांची मुलगी तेच छायाचित्र घेऊन आली आणि म्हणाली, ‘यात बाबांचा व्रण परत आणा.’ मूळ फाइल उरली नव्हती. तिने स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून जागा दाखवली आणि मी तो अंदाजाने रंगवला.

पानगळ
बाळ मांडीवर आहे, एका हाताने लिहिते आहे. ताई, नळाचे वाचून थबकले. मीही तेच करते, आणि हे आजवर कोणालाच सांगितले नव्हते.

उत्तररात्र
लग्नाच्या नवव्या वाढदिवशी आम्ही दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकाच जुन्या छायाचित्राखाली एकमेकांना शुभेच्छा लिहिल्या. तेव्हा दोन महिने आमचे बोलणे बंद होते. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामवर लाइकचा आकडा लपवण्याची सोय आली, ती मी लगेच वापरली, पण आपला आकडा आपल्याला उघडून पाहता येतोच आणि मी तो पाहत राहिलो. आम्ही वेगळे झाल्यावर माझा सर्वांत जवळचा मित्र म्हणाला, ‘तुमचे तर इतके छान चालले होते.’ त्याच्यावर रागावण्याचा हक्क मी स्वतःच घालवला होता.

जुनी वही
तुलना नवी नाही. मोजायला दुसरी पट्टी नसली की माणूस स्वतःला इतरांशी, त्यातही आपल्यासारख्यांशी ताडून पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडले होते. मात्र शेजाऱ्यांशी तुलना करताना भिंतीपलीकडचे भांडण आणि त्यांच्या मुलाचा रात्रभराचा खोकलाही कानावर पडत असे, त्यामुळे हेवा फार टिकत नसे. पडद्यावर यातले काहीच पोहोचत नाही. शरीराचा आकार किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातींवर तशी खूण लावण्याचा कायदा नॉर्वेने २०२१ मध्ये केला, ते मला योग्यच वाटते. तरी आपल्याला सर्वाधिक टोचतात ती ओळखीच्यांची छायाचित्रे, आणि ती जाहिराती नसतात.

पानगळ
ताई, ते चौदावे छायाचित्र पुसले तर नाही ना?

धागाकर्ती
नाही, ते ठेवले आहे. पानगळ, तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे. रात्री कितीही वाजता लिहा, मी उत्तर देईन. निळी शाई, तुमचा अनुभव वाचल्यावर ते छायाचित्र मी मुलीला दाखवले. आता ती सात वर्षांची आहे. स्वतःच्या रडण्याकडे तिने पाहिलेही नाही. कडेच्या पावलावर बोट ठेवून म्हणाली, ‘हा तुझा पाय आहे ना? मग तू का नाहीस फोटोत?’