लाओसची धरणे, थायलंडचे दिवे: वीज घेणाऱ्यावर जबाबदारी का नको?

सह्यवारा (धागाकर्ता):
मेकाँग नदीचा विषय निघाला की बोट लगेच चीनकडे जाते. वरच्या खोऱ्यात चीनने मुख्य प्रवाहावर डझनभर मोठी धरणे बांधली आहेत, तेव्हा ते चूक नाही. पण खालच्या खोऱ्यात, लाओसमध्ये, जे चालले आहे त्याचा जाब माझ्या मते सर्वांत आधी थायलंडला विचारायला हवा.

सायाबुरी धरण पाहा. 1285 मेगावॉट, ऑक्टोबर 2019 पासून पूर्ण क्षमतेने सुरू. बांधणारी कंपनी थाई, कर्ज देणाऱ्या बँका थाई, आणि सुमारे 95 टक्के वीज जाते थायलंडला. लाओसची आहे ती फक्त जमीन आणि नदी. थायलंडमध्ये असे धरण बांधायचे तर गावागावांतून विरोध सोसावा लागला असता. धरण सीमेपलीकडे गेल्यामुळे तो टळला. नदीकाठच्या थाई गावकऱ्यांनी वीजखरेदी कराराविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दाद मागितली. 2014 मध्ये दावा दाखल करून घेतला गेला आणि 2022 मध्ये अखेर फेटाळला गेला.

खालच्या खोऱ्यातल्या चार देशांचा (लाओस, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम) मेकाँग नदी आयोग 1995 च्या करारातून उभा राहिला. मुख्य प्रवाहावर धरण बांधायचे तर इतरांशी आधी सल्लामसलत करावी लागते, पण नकाराचा अधिकार कुणालाच नाही. सायाबुरीच्या वेळी व्हिएतनाम म्हणाला, दहा वर्षे थांबा आणि अभ्यास करा. लाओसने 2012 मध्ये काम सुरू केले.

आता आसियान या आग्नेय आशियाई संघटनेतल्या देशांचे वीजजाळे जोडायचे चालले आहे. माझे म्हणणे एवढेच, की जो देश वीज घेतो त्याने स्वतःच्या हद्दीत लागू असलेले पर्यावरणाचे आणि पुनर्वसनाचे नियम त्या धरणालाही लावावेत, आणि ते खरेदी करारातच लिहावेत.

विनय_कऱ्हाड:
साफ असहमत. लाओसला समुद्र नाही, बंदर नाही. लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास, बराचसा देश डोंगराळ. विकण्यासारखे काय आहे? खनिजे आणि पाणी. 1990 च्या दशकात तिथे मोजक्याच घरांत वीज होती, आज 90 टक्क्यांहून जास्त घरांत आहे. श्रीमंत शेजाऱ्याने 'आमच्या अटी पाळा, मगच वीज घेऊ' म्हणायचे, याचा अर्थ लाओसचे धोरण बँकॉकमध्ये ठरणार. आसियान टिकली आहे ती एकमेकांच्या घरात न डोकावण्याच्या शिस्तीवर. अटी जड झाल्या तर थायलंड गॅस जाळेल, आणि लाओसच्या हाती काहीच उरणार नाही.

शिवाय अटी घालून बांधलेले धरण लाओसमध्ये आहेच. नाम थून 2 जागतिक बँकेच्या देखरेखीखाली झाले, 2010 मध्ये सुरू झाले, आणि त्याचे उत्पन्न गरिबी निवारणाकडे वळवायचे असे ठरवून घेतले होते.

मृण्मयी:
विनयजी, नाम थून 2 चे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. पठारावरची 6 हजारांवर माणसे हलवली, त्यांना घरे मिळाली, शाळा मिळाल्या, हे खरे. पण सोडलेले पाणी ज्या से बांग फाय नदीत जाते तिच्या काठच्या लाखभर लोकांची मासेमारी आणि काठावरची शेती बिघडली. अटी होत्या त्या धरणापाशी, नुकसान झाले खाली.

आणि लाओसच्या दक्षिणेतला अट्टापू प्रांत विसरू नका. 23 जुलै 2018 ला से पियान-से नामनोय प्रकल्पाचा एक जोडबांध (मुख्य धरणाखेरीज पाणी अडवायला घातलेला बांध) तिथे फुटला. मेलेले आणि बेपत्ता मिळून सत्तरच्या आसपास, बेघर झालेले हजारो. पाणी कंबोडियापर्यंत पोचले. त्या प्रकल्पाचीही बहुतेक वीज थायलंडसाठीच होती.

खाली काय पणाला लागले आहे तेही पाहा. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की कंबोडियातली तोन्ले साप नदी उलटी वाहते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरते. माशांची पैदास या उलट्या वाहण्यावर चालते आणि कंबोडियाचे जेवण त्या माशांवर. त्याच्याही खाली व्हिएतनामचा त्रिभुज प्रदेश, जिथे देशातला निम्मा भात पिकतो. गाळ धरणांत अडतो, किनारा खचतो, उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी शेतात शिरते. 2016 आणि 2020 मध्ये तर फारच आत शिरले. एवढे सोसून लाओसला काय मिळाले? 2023 मध्ये सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नापलीकडे, त्याच वर्षी फेब्रुवारीत महागाई 41 टक्के, आणि वीजवहनाचे जाळे चिनी सरकारी कंपनीचा मोठा वाटा असलेल्या कंपनीकडे.

विनय_कऱ्हाड:
मृण्मयीताई, दोन खाती एकत्र करू नका. निर्यातीची धरणे वेगळ्या कंपन्यांची; त्यांचे कर्ज त्या कंपन्यांच्या डोक्यावर. सरकारी वीज कंपनी बुडाली ती देशांतर्गत प्रकल्पांसाठी काढलेल्या कर्जामुळे. बाहेरून घेतलेली वीज डॉलरमध्ये आणि घरचे बिल किप या लाओसच्या चलनात, आणि किप तर 2022 पासून कोसळलाच. कर्ज काढून झालेला 414 किलोमीटरचा रेल्वेमार्गही तुम्ही त्याच पारड्यात टाकणार का? डिसेंबर 2021 मध्ये तो सुरू झाला आणि समुद्र नसलेल्या देशाला पहिल्यांदा चीनकडे धड वाट मिळाली.

आशा_सिंगापूर:
इथली बाजू मांडते. जून 2022 पासून लाओसची 100 मेगावॉटपर्यंत वीज थायलंड आणि मलेशियाच्या तारांवरून सिंगापूरला येऊ लागली. चार देशांमधला असा हा पहिलाच व्यवहार, आणि मला तो मोलाचा वाटतो. सिंगापूरची जवळजवळ सगळी वीज गॅसवर होते, छपरांवर सौर बसवायला जागा कमी. बाहेरून स्वच्छ वीज घेतल्याशिवाय या शहराला दुसरा मार्ग नाही. पण धागाकर्त्यांचा मुद्दा मला टोचतो. इथे हिशेब फक्त कार्बनचा होतो. जलविद्युत म्हणजे स्वच्छ, झाले. कुठल्या नदीची, कुणाला उठवून, हे विचारायला आमच्या हाती ताकद आणि पैसा दोन्ही आहे, तरी कुणी विचारत नाही.

बामणोलीकर:
आमची जमीन कोयनेत गेली. धरण साठच्या दशकातले, वीज साऱ्या राज्याला मिळाली, आणि त्या धरणग्रस्तांची पुनर्वसनासाठीची आंदोलने आजही संपलेली नाहीत. तरी आम्हाला जाऊन बसायला कलेक्टर कचेरी आहे, आमदार आहे, कोर्ट आहे. कृष्णेच्या पाण्याला लवाद आहे. अट्टापूच्या माणसाने कुठे बसायचे? त्याच्या देशात तर मोर्चाही काढता येत नाही. त्याच्या नदीची वीज वापरणारा माणूस दुसऱ्या देशात, आणि त्या देशाच्या कागदावर याचे नावसुद्धा नाही. धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत.

विनय_कऱ्हाड:
बामणोलीकर, तुमच्या दुःखाबद्दल वाद नाही. पण बाहेरून लादलेली अट टिकत नाही, आतून घेतलेला निर्णय टिकतो. कंबोडियाने 2020 मध्ये मुख्य प्रवाहावर दहा वर्षे धरण बांधणार नाही असे स्वतः जाहीर केले. कुणी अट घातली होती?

सह्यवारा:
विनयजी, तोच कंबोडिया डॉन साहोंगची वीज घेतो. ते धरण लाओसमध्ये, त्याच मुख्य प्रवाहावर, कंबोडियाच्या सीमेला जवळजवळ खेटून, आणि माशांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. स्वतःच्या हद्दीत बंदी आणि शेजाऱ्याकडून खरेदी. मी यालाच आक्षेप घेतोय.

पुढचे धरण पाक बेंग, 912 मेगावॉट. त्याचा 29 वर्षांचा वीजखरेदी करार थायलंडने सप्टेंबर 2023 मध्ये केला. त्याच्या फुगवट्याचे पाणी आपल्या शेतात येईल ही भीती चिआंग रायच्या थाई शेतकऱ्यांनाच आहे. आता लाओसच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न बाजूला ठेवू. थायलंडने स्वतःच्या करारात, स्वतःच्या पैशातून, खालच्या गावांच्या भरपाईसाठी युनिटमागे ठरावीक रक्कम बाजूला काढायचे कलम घातले, तर लाओसचा एक किपही कमी होत नाही. त्याला तुमचा आक्षेप नेमका काय आहे?