आयईएफ (प्रोटीन्स पीएचच्या उतारावर वेगळी करणं): व्होल्टेज ९०० च्या वर चढेना, जेलवर फराटे

तूरवाली:
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट, तुरीच्या दाण्यातली प्रोटीन्स टू-डी जेलवर, म्हणजे आधी पीएचची चढण असलेल्या जेलच्या पट्टीवर (स्ट्रिप) आडवी, मग वजनानुसार उभी वेगळी करायची. स्ट्रिप ७ सेंमी, पीएच ३ ते १०. व्होल्टेज ४००० ला जायला हवं, अडकतं ९०० ला. करंट मात्र ५० मायक्रोॲम्पिअरच्या मर्यादेला टेकलेला. जेलवर आडवे फराटे, मध्येच एका उंचीवर चार-पाच ठिपके, माळ ओवल्यासारखे. सर म्हणतात स्ट्रिपच खराब. दोनच उरल्यात हो!

जुनी_जेलवाली:
स्ट्रिप बिचारी काय करणार! दाणे कशात वाटलेस? गरम केलंस का?

तूरवाली:
पीबीएसमध्ये (खारट फॉस्फेट बफर). मग युरियाच्या बफरमध्ये ९५ अंशांवर पाच मिनिटं, एसडीएस-पेजला (नुसत्या वजनाच्या जेलला) करतो तसं.

जुनी_जेलवाली:
दोन्ही चोर सापडले. प्रत्येक प्रोटीनचा एक ठरलेला पीएच असतो, त्याला पीआय म्हणतात; तिथे पोचलं की त्याचा निव्वळ भार शून्य होतो आणि ते तिथेच बसतं. (दूध ४.६ च्या आसपास नासतं ते केसिनच्या याच गुणामुळे.) मिठाला पीआय नाही. सोडियम-क्लोराइड इलेक्ट्रोडपर्यंत धावतच राहतात, सगळा करंट तेच खातात आणि मशीन व्होल्टेज दाबून ठेवतं. पीबीएसमध्ये मीठ साधारण १५० मिलिमोलर, स्ट्रिपला १० च्या आत हवं. चौपट गार ॲसिटोन घाल, रात्रभर उणे २० ला ठेव; प्रोटीनचा गोळा खाली बसतो, मीठ वरच्या द्रवाबरोबर जातं. गोळा फार वाळवू नकोस, मग जन्मात विरघळत नाही. मी एकदा पंख्याखाली ठेवून जेवायला गेले होते, आल्यावर नुसती ठिकरी.

आता माळ. युरिया तापला की सायनेट होतं, ते प्रोटीनमधल्या लायसिनचा धन भार झाकतं. एकेक भार गेला की पीआय आम्लाकडे सरकतो, वजन जवळपास तेच. म्हणून एका उंचीवर रांग. पण तुरीत एकाच प्रोटीनची खरीखुरी भावंडंही अशीच बसतात. न तापवता एकदा चालव, मगच प्रबंधात काय ते लिही.

रक्तपेढीतला:
एका भारानं एवढं सरकतं का, असं वाटेल. सिकलसेलमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ऋण भाराच्या ग्लुटामेटऐवजी बिनभाराचं व्हॅलिन येतं, तेवढ्यानं हिमोग्लोबिनचा पीआय साधारण ७ वरून ७.२ होतो. पीएच ६ ते ८ च्या जेलवर दोन पट्ट्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या दिसतात.

तूरवाली:
ॲसिटोन घालून ठेवलंय. इलेक्ट्रोडखालचे कागद ओलेच लावायचे ना?

जुनी_जेलवाली:
ओलसर. निथळते नकोत. आणि पहिला तासभर २५० व्होल्टवरच ठेव, मग कागद बदल. उरलंसुरलं मीठ त्यात येतं.