आडनावांची यादी अकारविल्हे लावताना ळ, क्ष आणि ॲ भलत्याच जागी जातात

सूचीसेवक, रामबाग, इंदूर

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाची सभासद-सूची छापायला द्यायची आहे. नऊशेच्या आसपास नावे आहेत, आडनाव आधी आणि एका ओळीत एक नाव. काही नावे कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातल्या फाइलीतून आली आहेत, काही हिंदीत भरलेल्या फॉर्मांवरून आणि बाकीची मोबाइलवर टाइप केलेली.

सगळी यादी एका ऑनलाइन सॉर्टिंगच्या साधनात पेस्ट करून चढता क्रम निवडला. तेव्हा काळे मंडळी कासारांच्या आधी आली. क्षीरसागर खरे यांच्या वर बसले. ज्यांच्या नावाला ‘ॲड.’ लावले आहे ते सगळे हर्डीकरांच्याही खाली गेले. कृतिदेवमधली नावे सगळ्यांच्या वर एकगठ्ठा आली. ‘डुप्लिकेट काढा’वर खूण असूनही एका कऱ्हाडे यांचे नाव दोनदा राहिले, आणि दोन्ही ओळी दिसायला अगदी सारख्या आहेत.

साधन बदलावे की यादीवरच काही काम करावे? हाताशी गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस आहे.

अक्षरजुळणी

साधन बिघडलेले नाही, त्याला मराठी वर्णमाला ठाऊक नाही एवढेच. अशी बहुतेक साधने जावास्क्रिप्टच्या मूळ सॉर्टवर चालतात, आणि तो सॉर्ट अक्षरांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक, पाहून ओळी लावतो. देवनागरीचे क्रमांक पुष्कळसे वर्णमालेप्रमाणेच आहेत, म्हणून नव्वद टक्के यादी बरोबर दिसते आणि चुका उशिरा लक्षात येतात.

आता एकेक पाहू. युनिकोडमध्ये ल ०९३२, ळ ०९३३, व ०९३५, स ०९३८ आणि ह ०९३९ वर आहे (हे क्रमांक षोडशमान पद्धतीचे, म्हणून त्यांत पुढे D सारखे अक्षरही दिसेल). म्हणजे ळ थेट ल च्या शेजारी बसवला आहे, तर आपण तो ह नंतर म्हणतो. त्यामुळे काळे कासारांच्या आधी आणि गोळे गोसाव्यांच्या आधी. क्ष ला स्वतंत्र क्रमांकच नाही. तो क, हलन्त आणि ष अशा तीन तुकड्यांनी साठवला जातो. हलन्ताचा क्रमांक सगळ्या मात्रांच्या नंतर आहे, म्हणून क्षीरसागर ‘कौ’ संपल्यावर येतात आणि ख च्या आधी थांबतात. ज्ञ चेही तसेच, तो झ च्या तोंडाशी जातो. ॲ हे अक्षर ०९७२ वर, म्हणजे ह, मात्रा आणि देवनागरी अंक या सगळ्यांच्या पलीकडे आहे. तुमची वकील मंडळी तळाला गेली ती यामुळे.

पण ‘ॲड.’, ‘डॉ.’, ‘श्री.’, ‘सौ.’ ही पदे सॉर्ट होणाऱ्या मजकुरात नसावीतच. त्यांचा वेगळा रकाना करा, नाहीतर ॲ ची जागा सुधारली तरी सगळे डॉक्टर ड मध्येच जमा होतील.

कृतिदेवची नावे आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या फाँटात पडद्यावर ‘राम’ दिसते, पण फाइलीत जे, के, ई ही इंग्रजी अक्षरे असतात. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक देवनागरीच्या आधीचे, म्हणून तो गठ्ठा वर आला. शिवाय त्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, त्यामुळे किरण, दिघे, शिंदे सगळे इंग्रजी एफ खाली गोळा होतात. परिवर्तकातून काढल्यावर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी योग्य अक्षरावर आहे का, रफार एक घर पुढे-मागे सरकला आहे का, आणि ळ शाबूत आहे का. हिंदीसाठी बनवलेल्या परिवर्तकात ळ कडे दुर्लक्ष झालेले असू शकते.

दोन कऱ्हाडे यांचे कारण कीबोर्ड. अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ (०९३१) आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, ज्याचा दशमान क्रमांक ८२०५ आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण साधनाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द.

तक्ते-सूत्रे

वरचे निदान बरोबर आहे. आता काम.

आधी लिब्रेऑफिस वापरून पाहा. कॅल्कमध्ये डेटा मेनूतून सॉर्ट उघडा, तिथल्या ऑप्शन्समध्ये भाषा मराठी निवडा. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात मराठीसाठी ह, मग ळ, क्ष, ज्ञ असा क्रम नोंदलेला आहे. तो तुमच्या आवृत्तीत लागू होतो का हे पाच नावांत कळते. काळे, कासार, क्षीरसागर, खरे, हर्डीकर ही नावे लावा. उत्तर कासार, काळे, खरे, हर्डीकर, क्षीरसागर असे आले तर साधन मराठी जाणते. नावे दिली त्याच क्रमात परत आली तर ते नुसते क्रमांक पाहते. कोणत्याही ऑनलाइन साधनाला हीच पाच नावे आधी द्यावीत.

साधन मराठी जाणत नसेल तरी अडत नाही. गूगल शीट्समध्ये नावाच्या डावीकडे ‘किल्ली’ नावाचा रकाना घ्या आणि सब्स्टिट्यूट या अक्षरे बदलणाऱ्या फंक्शनने त्यात नावाची बदललेली प्रत तयार करा. तिच्यात ळ च्या जागी अवग्रह ऽ घाला. अवग्रह ०९३D वर आहे, म्हणजे ह नंतर आणि ‘ा’ या मात्रेच्या लगेच आधी. ळ ला नेमकी हीच जागा हवी असते. ह नंतरचे दुसरे कुठले तरी मोठ्या क्रमांकाचे अक्षर घ्याल तर ‘कळ’ हा शब्द ‘का’ आणि ‘कौ’ च्याही पुढे जाईल. क्ष साठी ऽ८ आणि ज्ञ साठी ऽ९ घाला. देवनागरी अंकांचे क्रमांक मात्रा-हलन्ताहून मोठे आहेत, त्यामुळे ळ ची सगळी बाराखडी संपल्यावर क्ष आणि त्यानंतर ज्ञ येतो.

त्याच सूत्रात ऱ चा र करा. ८२०५, ८२०४ आणि ८२०३ हे अदृश्य वर्ण युनिकॅर फंक्शनने लिहून सब्स्टिट्यूटने काढा. वर्ण क्रमांक १६० ही न तुटणारी जागा साध्या जागेत बदला. वेबपानावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या नावांत ती असू शकते आणि कडेच्या जागा काढणाऱ्या नुसत्या ट्रिम फंक्शनने ती जाईलच असे नाही. ती आडनावाच्या आधी असेल तर ते नाव यादीच्या माथ्यावर उडी मारते. शेवटी सगळ्यावर ट्रिम लावा.

मग किल्ली आणि नाव हे दोन्ही रकाने एकत्र कॉपी करून ऑनलाइन साधनात पेस्ट करा. दोन्हींच्या मध्ये आपोआप टॅब येतो. टॅबचा क्रमांक सगळ्या अक्षरांहून लहान असल्याने ‘गोरे’ हे ‘गोरेगावकर’च्या आधीच राहतात. सॉर्ट झाल्यावर यादी परत शीटमध्ये आणून किल्लीचा रकाना पुसा. ही किल्ली क्रमांकावर चालणाऱ्या साधनांसाठीच आहे. मराठी जाणणाऱ्या साधनात तिचे अंक वेगळे वागू शकतात, तिथे ती लावू नका.

सूचीसेवक

पाच नावांची चाचणी केली. ऑनलाइन साधन क्रमांकच पाहते, लिब्रेऑफिसने क्षीरसागर शेवटी टाकले. पण तिथे आता ‘जोशी रक्षा’ हे नाव ‘जोशी रचना’, ‘जोशी रजनी’ यांच्याही खाली गेले. हे बरोबर धरायचे का?

अक्षरजुळणी

नियमाने बरोबर, कारण तिथे क्ष शब्दात कुठेही आला तरी स्वतंत्र अक्षर धरला जातो. सभासद-सूचीसाठी मात्र मी तसे करणार नाही. रक्षा शोधणारा माणूस ‘रक’ च्या आसपासच पाहतो. क्ष आणि ज्ञ ओळीच्या सुरुवातीला असतील तरच शेवटी न्यावेत, आतले आहेत तिथे राहू द्यावेत. त्यासाठी किल्लीचा मार्ग घ्या. ळ चा बदल सगळीकडे करा, पण क्ष आणि ज्ञ साठी सब्स्टिट्यूटऐवजी रेजेक्सरिप्लेस हे नमुना शोधून बदलणारे फंक्शन वापरा आणि शोधायच्या अक्षराआधी ^ हे चिन्ह लावा, म्हणजे फक्त सुरुवातीचे बदलतील.

अनुस्वाराला हात लावू नका. क्रमांकानुसार कांबळे हे काकडे यांच्या आधी येतात. वर्णमालेत अं, अः शेवटी म्हणतात म्हणून काहींना ते खटकते, पण ते बदलायला गेलात तर ‘का’ ची सगळी फळी विस्कटते.

पुरालेख

दोन धोके राहिले आहेत.

हिंदी फॉर्मांवर ळ बहुधा ल होतो. काळेंचे काले, कांबळेंचे कांबले, गोळेंचे गोले. हे कोणताही सॉर्ट सुधारणार नाही आणि सरसकट ल चा ळ करताही येणार नाही, कारण गोखले आणि गोडबोले ल चेच आहेत. हिंदी फॉर्मांवरची नावे वेगळ्या रंगात ठेवा आणि त्या त्या घरी विचारूनच दुरुस्त करा. शिन्दे आणि शिंदे यांचेही त्याच वेळी ठरवा.

दुसरा धोका ‘डुप्लिकेट काढा’चा. एकाच नावाचे दोन सभासद असू शकतात, आणि साधन त्यातला एक न विचारता उडवते. सॉर्टच्या आधी प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक जोडा. तोही ००२, ०१० असा समान अंकी लिहा, कारण मजकूर म्हणून लावताना १० हा २ च्या आधी येतो. ज्यांची फक्त नावे जुळतात त्या ओळी मग हाताने तपासा. आणि साधन ओळीवरून तोडते की स्वल्पविरामावरून, ते आधी पाहून घ्या. स्वल्पविराम निवडलेला असेल तर ‘काळे, अनंत’चे दोन तुकडे होऊन अनंत अ मध्ये जातील.

फोन नंबर आणि पत्ते ऑनलाइन साधनात टाकू नका. किल्ली, नाव आणि सभासद क्रमांक एवढेच पुरे, बाकीचे त्या क्रमांकावरून व्हीलुकअपने परत जोडता येते. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून बटण दाबून पाहा. तरीही यादी लागली तर सॉर्ट तुमच्याच ब्राउझरमध्ये होतो आहे.